ज्येष्ठांचं मदत केंद्र, दर सोमवारी ११ ते ३ : मावशीला घेऊन पाच चकरा केल्या त्याचा अनुभव

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय, तेवढं नक्की वाचा कारण ते त्यांच्यापर्यंत पोचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

केंद्र म्हणजे काही मोठं ऑफिस नाही. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी ज्येष्ठ नागरिक संघाची एक खोली आहे, तळमजल्यावर, आत दोन टेबलं, एक लोखंडी कपाट, बाहेर ओट्यावर सतरंजी आणि पाण्याचा रांजण. चालवणारे सगळे रिटायर लोक. एक हेडमास्तर, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, एक तलाठी, एक बँकेतले क्लार्क, आणि महिन्यातून दोन सोमवारी येणाऱ्या एक सिस्टर. पैसे घेत नाहीत, चहासुद्धा तेच पाजतात. केंद्राचं नाव इथं टाकू नको असं गुरुजींनीच सांगितलं, कारण आत्ताच सोमवारी साठ-सत्तर माणूस असतं आणि हे चौघं, बाहेरच्या तालुक्यातून लोक यायला लागले तर परत पाठवावं लागेल आणि म्हाताऱ्या माणसाला परत पाठवायला जीवावर येतं म्हणाले. म्हणून नाव नाही. पण तुमच्याकडं ज्येष्ठ नागरिक संघ असेलच, बरेच संघ फेस्कॉमला, म्हणजे ज्येष्ठांच्या संघांच्या राज्य महासंघाला, जोडलेले आहेत, आधी तिथं जाऊन विचारा.

आता आमचं सांगते. माझी मोठी मावशी किल्लारीजवळच्या एका पुनर्वसित गावात एकटी राहते. काका १९९३ च्या भूकंपात गेले, मुलगा चाकणला कंपनीत. मी लातूरला असते त्यामुळं तिचं सगळं बघणारी मीच. आषाढीच्या आठवड्यात ती पहाटे संडासच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. लातूरच्या ज्या दवाखान्यात नेलं तिथं काउंटरवर पहिला प्रश्न डिपॉझिट किती भरता, आणि सरकारच्या मोफत उपचाराच्या योजनेत बसत नाही असं तोंडी सांगून मोकळे. मी २० हजार भरून बसले होते, रात्री मावशीच्या शेजारणीनं फोनवर ह्या केंद्रातल्या तलाठी काकांचा नंबर दिला. एवढ्या रात्री त्यांनी उचलला आणि एकच गोष्ट विचारली, आरोग्यमित्र भेटला का? मला आरोग्यमित्र म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं, महात्मा फुले जन आरोग्य योजना ज्या दवाखान्यात आहे तिथं योजनेचा माणूस बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडं जायचं, आणि कुणी उडवून लावलं तर १५५३८८ ला फोन करायचा. पिवळं-केशरीच पाहिजे असंपण आता राहिलं नाही, १ जुलै २०२४ पासून सगळ्या रेशनकार्डांना आहे आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख. सकाळी गेले, आरोग्यमित्र दुसऱ्या मजल्यावर एका खांबामागच्या टेबलाशी बसलेला, त्यानं तासाभरात कागदं चढवली. ऑपरेशन योजनेत झालं, २० हजार चौथ्या दिवशी परत मिळाले. काउंटरवरच्या माणसाला हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही.

ती वॉकरवर चालायला लागल्यावर आम्ही केंद्रात जायला लागलो. खरं तर मी दोनच कामं घेऊन गेले होते, सत्तरीच्या वरच्यांचं मोफत उपचाराचं आयुष्मान वय वंदना कार्ड आणि तिचे बंद पडलेले श्रावणबाळचे, म्हणजे गरीब ज्येष्ठांच्या सरकारी पेन्शनचे, पैसे. पण गुरुजींनी आधार कार्ड हातात घेतलं, एकदा मावशीकडं बघितलं, एकदा कार्डाकडं, आणि म्हणाले, "बाई, तुम्ही जन्मल्या कधी?"

मावशी म्हणाली, "माय सांगायची, रझाकार गेलं अन् फुडल्या साली तू झालीस."

आधारवर काय तर १ जानेवारी १९५८. कॅम्पात कुणीतरी अंदाजानं टाकलेली तारीख. गुरुजींनी मग बोलत बोलत हिशेब लावला, रझाकार गेले १९४८ ला, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होत्या का, होते, तेव्हा लेकरं किती होती, दोन, एक पाठीशी बांधलेलं, म्हणजे बावीस-तेवीसच्या असणार, भूकंपात चव्वेचाळीस. सगळं १९४९ लाच येऊन मिळतं. म्हणजे मावशी शहात्तर वर्षांची आणि सरकारदरबारी सदुसष्ट! ह्या नऊ वर्षांत काय काय जातं बघा. वय वंदना कार्ड सत्तर पूर्ण झाल्यावर मिळतं, उत्पन्नाची अट नाही, ते गेलं. एसटी पंच्याहत्तरीनंतर पूर्ण फ्री, ऑगस्ट २०२२ पासून, ते गेलं. मी इतकी वर्षं तिचं आधार हाताळते, झेरॉक्स काढते, माझ्या कधी लक्षात आलं नाही.

पण जन्मतारीख बदलायला पुरावा पाहिजे आणि मावशीकडं कुठला पुरावा, जुनं घर तर गाडलं गेलेलं. इथं मला ह्या लोकांची खरी किंमत कळली. गुरुजींनी विचारलं शाळेत गेला होता का. दुसरीपर्यंत, माहेरी, निलंगा तालुक्यात. ते गाव भूकंपातून वाचलेलं. त्यांनी लगेच तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या हेडमास्तरांना स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, कुठलं रजिस्टर बघायचं, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत बघायचं, नाव माहेरचं असणार, वडिलांचं नाव आधी बघा, सगळं. तिसऱ्या सोमवारी निर्गम उतारा आला. जन्मतारीख १ जून १९४९. १ जून म्हणजे त्या काळच्या मास्तरांनी जवळजवळ सगळ्याच पोरांना लावलेली तारीख, पण साल बरोबर. मावशीला वाचता येत नाही आता, तिनं तो कागद नुसता हातात धरला आणि म्हणाली, "माझ्या बापाचं नाव हाय का ह्याच्यात?" आहे म्हटलं. मग लई वेळ सोडलाच नाही तिनं तो.

आधार दुरुस्तीला टाकलंय. जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते म्हणून त्यांनी घाई करू दिली नाही, नावाचं स्पेलिंग, लग्नानंतरचं नाव, गॅझेट लागतं का, सगळं तपासूनच पाठवलं.

श्रावणबाळचं दुसरं. महिना १५०० रुपये. पैसे बंद पडले नव्हतेच, खात्यावर येत होते, पण गावात बँकेचं अंगठ्याचं मशीन घेऊन येणारा पोरगा अंगठा लागत नाही म्हणून परत जायचा आणि मावशी समजायची पैसेच आले नाहीत. पन्नास वर्षं ज्वारी काढून, शेण थापून अंगठ्यावर रेषा राहिल्यात कुठं. बँकेतले काका उठले, ओला रुमाल आणला, तिची बोटं एकेक करून पुसली आणि मशीनवर लावून बघितली, आधार काढताना दहाही बोटं घेतलेली असतात त्यामुळं कुठलंही चालतं म्हणाले. आठव्या बोटाला लागलं. डाव्या हाताचं, करंगळीच्या शेजारचं. त्यांनी पासबुकच्या आतल्या पानावर पेनानं लिहून दिलं, "डावा हात, करंगळीशेजारचं बोट". सात महिन्यांचे पैसे खात्यावर होते. एवढंच काम होतं, आणि ह्यासाठी ती सात महिने उधारीवर किराणा आणत होती आणि मला सांगितलं नव्हतं.

श्रावणबाळला उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार आहे, म्हणजे महिन्याला १७५०. ही अट आता बदलायलाच पाहिजे. एका माणसाचं दूध आणि औषधगोळ्या ह्यातच तेवढे जातात. संघानं ह्याचं निवेदन तहसीलदारांमार्फत वर पाठवलंय, आमदारांना पण दिलंय, त्याच्या पोचपावत्या फाइलला लावलेल्या मी बघितल्या. फोटो काढून मोकळे झाले असं नाही.

वाट बघताना ओट्यावर जे ऐकलं ते पण लिहिते. एक तात्या आले होते, धोतर, खांद्यावर उपरणं. दोन वर्षांपूर्वी घर आणि चार एकर दोघा पोरांच्या नावावर बक्षीसपत्र करून दिलं आणि आता जेवण गोठ्यात. तलाठी काकांनी विचारलं, "तात्या, कागदात सांभाळायची अट घातलती का?" तात्या गप्प. मग त्यांनी समजावून सांगितलं की आईवडील आणि ज्येष्ठांना सांभाळण्याचा २००७ चा कायदा आहे, त्याचं कलम २३ आहे, सांभाळतील ह्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मिळू शकते, २०२५ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं आईनं मुलाला दिलेलं असंच एक बक्षीसपत्र रद्द धरलंय. अट कागदात नसली की अवघड जातं, पण पोटगीचा अर्ज तर करता येतोच, प्रांत ऑफिसला, वकील लागत नाही, महिन्याला १० हजारापर्यंत मिळू शकते, आणि नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यायचा असतो, फारतर आणखी ३०. तात्या म्हणाले, "पोरावर केस करलालाव म्हणून गाव थुंकंल की." काकांनी काही उपदेश केला नाही, म्हणाले आधी मी आणि गुरुजी घरी येतो, पोरांशी बोलतो, अर्ज लिहून कपाटात ठेवतो, तुम्ही म्हणाल तेव्हाच काढू. पुढच्या सोमवारी तात्या परत आले होते. काय झालं ते मी विचारलं नाही. पण ज्यांच्या घरी आता वाटण्या चालू आहेत त्यांनी एवढं करा, आईबापांना सांगा की कागदात सांभाळण्याची अट स्पष्ट शब्दात लिहून घ्या.

घराचं पण त्यांनीच काढलं, मी विचारलं नव्हतं. भूकंपानंतरच्या घरांना तीस वर्षं झाली, तेव्हा चाळिशीत असलेले लोक आता पंच्याहत्तरीला आलेत. गावं मोकळी वसवली, रस्ते रुंद, घरं लांब लांब, मातीचं जुनं घर अंगावर कोसळलेल्या माणसाला त्या मोकळेपणाचा आधार वाटला असणार. पण आता मावशी पडली तेव्हा शेजारणीला आवाज गेला नाही, अर्धा तास ती अंगणात पडून होती. संडास अंगणाच्या कोपऱ्यात, दोन उंच पायऱ्या, धरायला काही नाही. सिस्टर एका सोमवारी केंद्र आटोपून गावात आल्या, मावशीला पलंगापासून संडासपर्यंत चालायला लावलं आणि मागून चालत पावलं मोजली. मग सांगितलं, इथं भिंतीला लोखंडी दांडा, ह्या दोन पायऱ्यांच्या जागी उतार, रात्री इथं बल्ब चालू. गवंडी आणि वेल्डर मिळून ४२०० खर्च आला मला. रात्रीसाठी कमोडची खुर्ची केंद्राच्या कपाटामागून निघाली, वापरून झाली की धुवून परत द्यायची. मुख्यमंत्री वयोश्रीचा अर्ज पण भरलाय, पासष्टच्या पुढं, उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर काठी-चष्मा-वॉकर असल्या गोष्टींसाठी एकदाच ३ हजार खात्यावर येतात. आमचे अजून आलेले नाहीत.

येण्याजाण्याचं. फाट्यापासून गाव दीड किलोमीटर आत आहे आणि वॉकर घेऊन ते होत नाही. केंद्रानं एका ऑटोवाल्याशी ठरवलंय, सोमवारी तो तीन-चार गावांतून दोन फेऱ्या मारतो, माणशी २० रुपये, ऑटोत वॉकर ठेवायला मागं दोरी बांधलीय. हे मला लई आवडलं, कारण योजना कितीही असू द्या, घरातून निघताच येत नसेल तर काय उपयोग. एसटीचं सांगायचं तर ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, बायकांना तसंही मार्च २०२३ पासून अर्धं आहे. पण सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, त्यामुळं निलंगा, उदगीरकडची जी मंडळी दवाखान्याला बिदर किंवा हैदराबादला जातात त्यांनी पुढचे पैसे जवळ ठेवावेत. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती परत आली नाही, त्याचंही निवेदन ह्यांच्या फाइलला आहे.

आता अर्धा मार्क. टेबलावर सगळे पुरुष. चांगले आहेत, मायेनं बोलतात, पण ओट्यावर निम्म्या बायका असतात आणि त्या पदर तोंडाला लावून गुडघ्याचंच सांगतात. मावशीला ऑपरेशननंतर लघवी धरवत नाही, हे तिनं तीन सोमवार सांगितलं नाही, मला पण नाही, सिस्टर आल्या तेव्हा खोलीच्या मागं नेऊन त्यांच्या कानात सांगितलं. पाणी पिणंच कमी केलं होतं तिनं, ऑटोत पंचाईत नको म्हणून. सिस्टरनी व्यायाम दाखवला आणि डॉक्टरांची चिठ्ठी दिली, आता बरंच बरं आहे. पण ज्या सोमवारी सिस्टर नसतात त्या सोमवारी अशा किती जणी तसंच घेऊन घरी जात असतील. रिटायर झालेल्या अंगणवाडी ताई, शिक्षिका, नर्स ह्यांच्यापैकी एक तरी दर सोमवारी बसायला पाहिजे आणि एक पडदा लावायला पाहिजे. गुरुजींना मी हे तोंडावर सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि मलाच विचारलं, तुम्ही कधी रिटायर होताय. मला अजून सहा वर्षं आहेत. सुट्टीतले सोमवार देते म्हटलंय.

जाणाऱ्यांसाठी : आधार, रेशनकार्ड, पासबुक आणि दवाखान्याची सगळी कागदं मूळ घ्या आणि दोन-दोन झेरॉक्स गावातूनच काढून न्या. आधारला मोबाईल जोडलेला असेल तो फोन सोबत पाहिजे, ओटीपी त्यावरच येतो, मुलाचा नंबर असेल तर तो त्या दिवशी फोन उचलेल असं बघा. साडेदहाला पोचलात तर बाराच्या आत नंबर लागतो. मारझोड, उपाशी ठेवणं असलं काही असेल तर सोमवारची वाट बघू नका, १४५६७ ही एल्डरलाइन रोज सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, मराठीत बोलतात.

येत्या सोमवारी सिस्टर येणार आहेत. मावशीनं कालच लुगडं धुवून ठेवलंय आणि तो शाळेचा कागद पिशवीत घातलाय, त्याचं काम झालंय तरी.