फ्रीझरमधलं मटण-चिकन: फ्रिज, गार पाणी की मायक्रोवेव्ह?

उद्या दुपारी मटण करायचं असेल तर पिशवी आज सकाळीच फ्रीझरमधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढा. आज रात्री चिकन हवं असेल तर गार पाणी. अर्ध्या तासात खिमा परतायचा असेल तर मायक्रोवेव्ह, पण मग तो तिथून थेट कढईत गेला पाहिजे. बहुतेक घरांत वापरली जाते ती चौथी पद्धत, म्हणजे सकाळी ऑफिसला निघताना पिशवी ओट्यावर ठेवून जाणं. आमच्याकडेही वर्षानुवर्षं हेच चालायचं. ती मी निवडीतच धरत नाही, आणि का ते आधी सांगते.

फ्रीझरच्या उणे १८ अंशांत जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. ५ ते ६० अंशांच्या मध्ये ते झपाट्याने वाढतात. ओट्यावरच्या गोळ्याचा बर्फ बाहेरून सुटतो, आणि पाण्यातून उष्णता बर्फाच्या मानाने जवळपास चौपट हळू आत जाते. म्हणजे बाहेर सुटलेला थरच आतल्या बर्फाला पांघरूण घालतो. मधोमध दगड असतो आणि वरचा थर मात्र तासन् तास खोलीच्या तापमानाला पडून राहतो. कच्चं मांस बाहेर राहायची मर्यादा २ तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तास. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर किती तापतं ते वेगळं सांगायला नको. ‘नंतर शिजवतोच की’ हे उत्तरही पुरत नाही. काही जिवाणू मांसावर जे विष सोडतात ते उकळूनही जात नाही, आणि त्याला वासही नसतो.

आता खऱ्या निवडीकडे.

मटणासाठी माझं मत सरळ फ्रिजला. अर्ध्या-एक किलोला पूर्ण दिवस धरा. दोन-अडीच किलोची अख्खी कोंबडी असेल तर २४ तास तरी लागतात, कधी त्याहून जास्त. वेळ लागतो खरा, पण मांस कुठल्याही टप्प्यावर धोक्याच्या तापमानात जात नाही. शिवाय बेत बदलण्याची मुभा फक्त याच पद्धतीत आहे. पाहुणे यायचे रद्द झाले तर चिकन, खिमा, मासे आणखी १-२ दिवस आणि मटणाचे तुकडे ३ ते ५ दिवस फ्रिजमध्ये राहतात. न शिजवता परत फ्रीझरमध्ये टाकलं तरी चालतं, फक्त पाणी जास्त सुटतं आणि मांस थोडं कोरडं होतं. (ते लाल पाणी म्हणजे रक्त नव्हे, स्नायूंतलं पाणी आणि त्यातला लाल रंग.) एक गोष्ट मात्र विसरू नका: पिशवी खोलगट पातेल्यात ठेवा, तीही सगळ्यात खाली. नळीचं टोकदार हाड पिशवीला बारीक भोक पाडतं, ते गोठलेलं असताना दिसत नाही. सकाळी बघावं तर खालच्या कोथिंबिरीवर गुलाबी थेंब पडलेले असतात.

गार पाण्याचा उपाय चांगला आहे, पण तो राबवून घेतो. हवेपेक्षा पाण्यातून उष्णता कितीतरी पट लवकर पोचते, म्हणून अर्धा किलो चिकन तासाभरात सुटतं. दीड-दोन किलोला २ ते ३ तास. पिशवी न गळणारी हवी, पूर्ण बुडलेली हवी आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदलायला हवं. आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. उन्हाळ्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळाला येतं ते गार पाणी नव्हेच, हात घातला की कळतं. अशा वेळी पातेल्यात बर्फाचा एक ट्रे रिकामा करा, किंवा हे काम सकाळी उरका. लवकर व्हावं म्हणून गरम पाणी ओतणं म्हणजे ओट्याचाच प्रकार. बर्फ सुटला की लगेच शिजवायचं. परत गोठवायचं झालं तर शिजवूनच.

मायक्रोवेव्ह मला फक्त खिम्याला आणि बारीक तुकड्यांना पटतो. डीफ्रॉस्टवर टाका, दर दोन मिनिटांनी उलटा, सुटलेला भाग काढून घ्या. तंगडीसारख्या तुकड्यात टोक पांढरं पडून शिजायला लागतं आणि हाडाजवळ बर्फ तसाच राहतो. अर्धवट गरम झालेलं मांस मसाला लावून दोन तास मुरवायला ठेवण्याचा धोका घेऊ नका. दह्यात मुरवायचं असेल तर फ्रिजची पद्धत आणि मुरवणंही फ्रिजमध्येच.

कोळंबीला यातलं काहीच लागत नाही. सुटी गोठलेली असेल तर थेट कालवणात. चिकनचे सुटे तुकडेही रश्श्यात तसेच टाकता येतात, फक्त वेळ दीडपट धरा. अख्खा गोळा मात्र टाकू नका, बाहेरचं शिजून तंतू सुटतात आणि मध्ये कच्चं राहतं. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत पॅकबंद सुरमई आणली जाते, तिचं हवा काढलेलं पाकीट फ्रिजमध्ये ठेवण्याआधी कापून उघडा. बिनहवेच्या पाकिटात वाढणारा एक घातक जिवाणू माशात असू शकतो आणि त्याला फ्रिजचा गारवा पुरेसा रोखत नाही.

खरं तर यातली निम्मी निवड बाजारातून आल्यावरच होते. मी किलोभर मटण एका गोळ्यात ठेवणं बंद केलंय. अर्धा-अर्धा किलो पिशवीत भरायचं, तळव्याने दाबून दोन बोटं जाडीचं सपाट करायचं, हवा काढायची, तारीख लिहायची आणि आडवं ठेवायचं. अशी पिशवी रात्री फ्रिजमध्ये काढली तर सकाळी डब्याच्या वेळेपर्यंत बहुतेक सुटलेली असते, आणि पाण्यात अर्ध्या-पाऊण तासात. झालं की नाही ते बघायला सगळ्यात जाड तुकडा पिशवीवरूनच हाडाजवळ दाबा. बोट आत गेलं तर पातेलं चढवा. कडक लागलं तर पाणी बदलून अजून दहा मिनिटं द्या.