रात्रीतून खाज थांबवणारा 'डाक्टर'

आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात आठवडी बाजाराच्या दिवशी मोटारसायकलवर एक जण फिरतो. डिक्कीत सुया आणि काळ्या तेलाच्या बाटल्या. ढोरांचंही पाहतो, कुत्र्यांचंही. त्याची युक्ती नीट समजून घ्या, कारण ती पहिल्याच दिवशी खरी वाटते.

शेरू आमचा शेतावरचा कुत्रा. रानडुकरं आणि रोही हाकलायला त्याच्यासारखा जागल्या नाही. पावसाळ्यात त्याच्या डोळ्यांभोवतीचे आणि मग पुढच्या पायांवरचे केस झडले, कातडी लाल पडली, खाजवून खाजवून रक्त. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घातली, करंजीचं तेल लावलं, फरक नाही. शेजारी म्हणत होते जळकं ऑईल लाव. ते मी लावलं नाही. कुत्रं अंग चाटतं, म्हणजे इंजिनातली सगळी घाण त्याच्या पोटात.

सुईवाला म्हणाला, "लिहून घ्या भाऊ, सकायपर्यंत खाज बंद. नाही झाली त पैसे वापस." सुईचे तीनशे, 'जडीबुटी'च्या तेलाचे दोनशे. सुईच्या बाटलीवरचा कागद खरवडून काढलेला होता. नाव विचारलं तर हसला, "सांगितलं त तुम्हीच डाक्टर व्हाल."

आणि सकाळी शेरू खरोखर गाढ झोपलेला. घरात सगळे खूश.

पुढे कुत्रा बदलला. ढोरांच्या टाक्यावर तोंड लावलं की सोडेना. कधी उंबऱ्याच्या आत न मुतलेला कुत्रा रात्री ओसरीत मुतायला लागला. भाकरी खाऊन पुन्हा ताटाकडे बघत उभा. सुईवाल्याला सांगितलं तर तो उलट खूश, "भूक लागली ना? मंग औषध लागू पडलं." थोड्या दिवसांत खाज परतली, या वेळी पाठीवर पू भरलेल्या पुळ्या घेऊन. त्यावर उत्तर तयार होतं, "आतली गरमी भायेर पडून राह्यली, आणखी एक सुई लागंल." वर पथ्य: मटणाचा तुकडा, हाड, अंडं काही द्यायचं नाही. पोळ्याच्या करीला घराघरात मटण शिजतं तेव्हा गावातला कुठला कुत्रा हे पथ्य पाळेल? पाळलं गेलं नाही की दोष मालकाचा. मला तर वाटतं, पथ्य त्यासाठीच दिलेलं असतं.

शेवटी तालुक्याच्या ढोराच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कातडी चिमटीत दाबली, पात्याच्या बोथट बाजूनं किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडली, ते काचेवर तेलाच्या थेंबात घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. लांबट, आखूड पायांचे किडे. डेमोडेक्स. हे किडे पिल्लाला आईच्या अंगावरून पहिल्या दिवसांतच मिळतात आणि बहुतेक कुत्र्यांत गुपचूप राहतात. अंगातली ताकद कमी झाली की माजतात. पाणी, लघवी आणि भुकेचं ऐकताच डॉक्टर म्हणाले, ही स्टेरॉइडची लक्षणं. स्टेरॉइड खाज दाबतं, पण किडे मारत नाही. उलट प्रतिकारशक्ती पाडून त्यांना रान मोकळं करून देतं. म्हणजे प्रत्येक सुईनं रोग वाढत होता आणि सुईवाल्याचं गिऱ्हाईकही पक्कं होत होतं.

खरा उपचार लांब चालतो. नुसते केस आले म्हणून औषध थांबत नाही. महिनाभराच्या अंतरानं दोनदा खरवडून किडे दिसले नाहीत तरच. सार्कोप्टिस नावाच्या दुसऱ्या किड्याची खरूज वेगळी, ती घरच्या माणसांनाही खाज देते. डोळ्यांनी पाहून हे दोन्ही ओळखता येत नाहीत, म्हणून खरवडल्याशिवाय सुई देणाऱ्यापुढे कुत्रं धरू नका. बाटलीचं नाव वाचू द्या म्हणा, चिठ्ठी मागा. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे असा उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करायचा असतो, त्याला नोंदणी क्रमांक विचारायला लाजायचं काही कारण नाही.

गोठ्यातली आयव्हरमेक्टिनची, म्हणजे ढोरांचे किडे मारायच्या औषधाची, बाटलीही अंदाजानं वापरू नका. गाईला पन्नास किलोमागे एक मिली लागतं, त्यावरून कुत्र्याचा हिशेब चुकला की ते झोकांड्या खातं, लाळ गाळतं, आंधळं होऊ शकतं. कोली जातीच्या कुत्र्यांना तर थोडंही बाधू शकतं.

शेरूच्या पायांवर केस यायला लागलेत, औषध चालूच आहे. गावात आणखी दोघांकडे त्याच माणसाच्या सुया चालू होत्या. एकाचा कुत्रा मीच दवाखान्यात नेला. दुसरा ऐकत नाही. म्हणतो, "पण माह्या कुत्र्याची खाज त थांबली ना भाऊ!"