नैरोबीत राहून मोंबासाचा खाऊ: काही महिन्यांनंतरचा अनुभव

नैरोबीत ‘कोस्टल फूड’, म्हणजे केनियाच्या किनाऱ्यावरचं जेवण, अशी पाटी लावलेल्या जागांना तोटा नाही. तिथे पिलाव, बिर्याणी, नारळाच्या रसातला मासा हे सगळं मिळतं आणि बऱ्याचदा चांगलंही असतं. पण किनाऱ्यावरच्या मोंबासा शहराच्या ओल्ड टाउनमध्ये सकाळी चहाबरोबर आणि संध्याकाळी असरच्या नमाजानंतर जे खाल्लं जातं, ते या जेवणाच्या हॉटेलांत क्वचितच सापडतं. महाम्री, म्बाझी, वियाझी काराई, वितुंबुआ, कायमाती, माबुयू. मोंबासात काही वर्षं काढून इथे आल्यावर मी हेच शोधत राहिले. आता कुठून काय घ्यायचं हे बऱ्यापैकी पक्कं झालंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी महाम्री, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. दोन्ही तळलेले गोडसर पाव, म्हणून गोंधळ होतो. नैरोबीत कोपऱ्याकोपऱ्यावर मंदाझी मिळते. ती बेकिंग पावडरची, आतून भरीव, भूक भागवणारी गोष्ट आहे आणि आपल्या जागी ठीक आहे. महाम्रीचं पीठ मात्र यीस्ट घालून, नारळाच्या रसात, ताज्या कुटलेल्या वेलदोड्यासह मळतात. तळल्यावर ती टम्म फुगली पाहिजे आणि फोडल्यावर आत पोकळ निघाली पाहिजे. त्या पोकळीतच म्बाझी, म्हणजे नारळाच्या रसात शिजवलेली अख्खी तूर, भरून खातात. अनेक ठिकाणी मंदाझीच त्रिकोणी कापून महाम्री म्हणून विकतात. फोडून बघितली की लगेच कळतं.

दुसरी खूण नारळाची. विकणाऱ्या बाईंना मी आता एकच प्रश्न विचारते: नारळ खवता की पावडर वापरता? पावडरीचा रस म्बाझीत घातला की रस्सा पांढरा दिसतो, पण वर तेलाचा तवंग येत नाही आणि जिभेवर पिठूळपणा राहतो. खवलेल्या नारळाचा पातळ रस आधी तूर शिजताना आणि दाट रस शेवटी, मंद आचेवर घातला तरच ती खरी चव येते. कोकणातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. नारळ किनाऱ्यावरच्या क्वाले आणि किलिफीकडून इथे येतात, पार्कलँड्सच्या सिटी पार्क मार्केटमध्ये चांगले मिळतात, तेव्हा ‘नैरोबीत नारळ कुठला’ ही सबब मला पटत नाही.

उंचीचा प्रश्न मात्र खरा आहे. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटरवर. पाणी इथे ९४-९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूर शिजता शिजत नाही. जून-जुलैच्या गारठ्यात पीठही फुगायला फार वेळ घेतं. मोंबासाच्या उकाड्यात सकाळी मळलेलं पीठ बघता बघता वर येतं, तेच इथे रात्री मळून ठेवावं लागतं. ज्यांना हे जमलंय त्यांच्या महाम्री थंडीतही हलक्या असतात. बाकीच्यांच्या त्या महिन्यांत चिवट होतात, म्हणून जुलैत चव घेऊन कोणाला कायमचं बाद करू नका.

वियाझी काराई हा माझा सगळ्यात आवडता पदार्थ. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी हळदीच्या पातळ पिठात बुडवून तळायच्या आणि वर उक्वाजूची, म्हणजे चिंचेची, आंबट-तिखट चटणी ओतायची. नैरोबीत त्या नावाखाली पुष्कळदा भजियाच हातात पडतो. कच्च्या बटाट्याच्या चकत्या, बेसन, कोथिंबीर, ही इथल्या गुजराती घरांची देणगी. भजिया उत्तमच असतो, पण तो काराई नव्हे. काराईचं आवरण पातळ आणि आतला बटाटा मऊ हवा. ती घरपोच मागवण्यात अर्थ नाही. बोडावाला, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, कितीही वेगाने आला तरी डब्यात वाफ धरते आणि आवरण सुटतं. मी मागवून पाहिली, ताजी म्हणून आलेली फोड नुसती ओली होती. ती कढईशेजारी उभं राहूनच खावी.

आता कुठे. ईस्टलीला जा असं सगळेच सुचवतात. तिथलं खाणं छान आहे, पण ते मुख्यतः सोमाली आहे. सांबुसा (समोसा), आंजेरा (आंबवलेलं धिरडं), उंटाच्या दुधाचा चहा यांच्यासाठी जरूर जा, किनाऱ्याच्या खाऊसाठी नाही. जामिया मशिदीच्या आसपासच्या गल्ल्यांत संध्याकाळी काराई आणि काहावा तुंगु, ती आलं घातलेली कडू कॉफी, बरी मिळते. सगळ्यात खात्रीचं मात्र साउथ सी (South C) ही नैरोबीतली वस्ती. तिथे किनाऱ्याकडची बरीच कुटुंबं आहेत आणि काही बायका घरूनच करून देतात. मी ज्यांच्याकडून घेते त्या मूळच्या लामू बेटावरच्या. आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगायचं, एम-पेसाने पैसे पाठवायचे, सकाळी सातच्या आत डबा घेऊन यायचं. त्यांचे वितुंबुआ, तांदूळ भिजवून नारळाच्या रसात वाटून आप्पेपात्रात केलेले, कडेने खरपूस आणि मधे जाळीदार असतात. म्काते वा सिनिया म्हणजे तांदळाचा गोड, थाळीत भाजलेला पाव, तोही मागितला तर करतात. दुपारनंतर काहीच शिल्लक नसतं आणि ते योग्यच आहे, कारण शिळी महाम्री कोणी विकू नये.

रमजानमध्ये चित्र पालटतं. असरनंतर साउथ सीत घरांसमोर टेबलं लागतात. कायमाती, म्हणजे पाकात घोळलेले तळलेले पिठाचे गोळे, काटलेसी, म्हणजे कटलेट, म्बाझीची पातेली, सगळं एका रस्त्यावर. ईद झाली की टेबलं उचलली जातात. नैरोबीत नवीन असाल तर त्या महिन्यात फिरा, करणाऱ्यांचे नंबर तेव्हाच घेऊन ठेवा. माझी पुढची सगळी सोय त्यातूनच झाली.

कोरडा खाऊ मी नैरोबीत घेणं सोडलं. माबुयू म्हणजे गोरखचिंचेच्या बिया, लाल रंगाच्या पाकात घोळलेल्या. सुपरमार्केटच्या पाकिटांत साखरच जास्त, गर वाळून खडखडीत. मोंबासाहून येतात त्यांचा गर अजून मऊ आणि आंबट असतो, बोटं लाल होतात. लिंबू-मिरची लावलेले कसाव्याचे वेफर्स आणि आंब्याची सुकी अचारीही तिकडचीच घ्यावी. कोणी मदाराका एक्सप्रेसने, म्हणजे मोंबासा-नैरोबी रेल्वेने, येत असेल तर पिशवी आणायला सांगते, नाहीतर रात्रीच्या बसच्या पार्सलने मागवते. सकाळी पार्सल मिळतं.

शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं: काटलेसीत बटाट्याबरोबर खिमा असतो, सांबुशातही बहुतेक वेळा. रस्त्यावर काराईच्या तेलातच मासेही तळले जातात, तेव्हा आधी विचारा. महाम्री, म्बाझी, वितुंबुआ, कायमाती यांत मांस नसतं, आणि घरून करणाऱ्या बाईंना सांगितलं तर त्या तेलही वेगळं घेतात.