रंग बदलणारा खडा घेताय? आधी हे वाचा

आम्ही वेंगुर्ल्याकडचे. यंदा एप्रिलमध्ये लेकीच्या साखरपुड्याच्या अंगठीसाठी खडा घेतला आणि त्यात आमचे ७७ हजार रुपये गेले. मे महिन्यात घराघरात लग्नं असतात, दिवाळीला परत सोनंनाणं होतं, म्हणून सगळं जसं झालं तसं लिहिते, कोणाचे तरी पैसे वाचतील.

लेकीचा जन्म जूनचा. तिने कुठेतरी वाचलं की जूनचा खडा म्हणजे अलेक्झांड्राइट, दिवसाउजेडी हिरवा दिसतो आणि दिव्याखाली लाल. हिरा नको, मला हाच हवा म्हणाली. एकच लेक, काजूचे पैसे नुकतेच हातात आलेले, आमचे हे पण म्हणाले की होऊ दे तिच्या मनासारखं. त्याच आठवड्यात तालुक्याच्या गावी एका लॉजच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं रत्नांचं प्रदर्शन लागलं होतं, शेजारची वहिनी जाऊन आली होती, तिच्यासोबत मी पण गेले.

तिथला माणूस पस्तिशीचा असेल, शांत, आमच्यासारखीच मालवणी बोलणारा. "ताईनू, हातात घेवन तर बघा, घेवकच होया असा काय नाय." खुर्ची दिली, पाणी दिलं, मग खड्याची माहिती सांगायला लागला. १८३०च्या दशकात रशियात उरल पर्वतात हा खडा सापडला, तिथल्या राजपुत्र अलेक्झांडरच्या नावावरून नाव पडलं, आता श्रीलंका, ब्राझील आणि आपल्याकडे आंध्र-ओडिशाकडेही मिळतो. नंतर मी शोधलं तर हे सगळं खरं निघालं, आणि म्हणूनच सांगते की समोरच्याला माहिती आहे म्हणजे त्याचा माल पण खरा असेल असं धरून चालू नका, मी तेच धरून चालले.

मग त्याने खडा पांढऱ्या कागदावर ठेवला. मोबाईलचा टॉर्च मारला तर निळसर करडा दिसला, आपल्याकडे मिरगाच्या आधी दर्यावर आभाळ भरून येतं ना, तसा. मग टेबलावरचा छोटा पिवळा बल्ब लावला आणि तोच खडा जांभळा झाला, जांभळासारखाच अगदी, आतून गुलाबी. दोन-तीन वेळा करून दाखवलं. माझ्या अंगावर काटा आला. म्हणाला, "काच अशी रंग बदलात काय? तुमीच सांगा." मला ते पटलं. मी मनाशी ठरवूनच टाकलं की रंग बदलतोय म्हणजे खरा आहे.

भाव रत्तीवर होता, २२ हजार रुपये रत्ती, खडा साडेतीन रत्ती. प्लास्टिकचं सर्टिफिकेट कार्ड दिलं, त्यावर खड्याचा फोटो, वजन, आणि खाली लिहिलेलं "अलेक्झांड्राइट इफेक्ट". ४० हजार रोख दिले कारण रोखीवर जीएसटी लावत नाही म्हणाला, ३७ हजार यूपीआयने, ते सुद्धा कुठल्या दुकानाच्या नाही तर एका माणसाच्या नावावर गेले. बिल हाताने लिहिलेलं, "कलर स्टोन १ नग". तेव्हा मी बिलाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली, वाचलं पण नाही नीट.

आमचे सोनारकाका आमच्या सासऱ्यांपासूनचे. त्यांनी भिंग लावून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "वयनी, माका ह्यो खडो जरा जास्तच साफ दिसता. जडवच्या आधी एकदा मुंबैक दाखवन घेवया." साखरपुड्याला बारा दिवस राहिले होते. मी म्हटलं काका, सर्टिफिकेट आहे की, तुम्ही करा सुरू. ते पुढे काही बोलले नाहीत. ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. विकणाऱ्याने आणखी एक सांगून ठेवलेलं की अंगठी खालून बंद करा, खड्याचं तेज बाहेर जात नाही, तेही मी काकांना तसंच करायला लावलं. खालून बंद केलं की खडा मागून बघताच येत नाही हे मला कुठे माहीत.

अंगठी सुरेख झाली. हॉलमार्क करून आणली, त्यावर सहा अक्षरी एचयूआयडी नंबर पण आहे. आदल्या रात्री लाईट गेली म्हणून लेकीने अंगठी देवघरात निरांजनासमोर धरली आणि खडा असा काही गुलाबी-जांभळा पेटला की सगळं घर बघायला गोळा झालं, माझ्या सासूबाईंनी तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या.

जूनमध्ये लेक ठाण्याला परत गेली, अंगठी घट्ट व्हायला लागली म्हणून माप वाढवायला तिथल्या एका सोनाराकडे दिली. त्याने तापवायच्या आधी खडा कोंदणातून काढला, भिंगाखाली धरला आणि तिला म्हणाला, मॅडम हा लॅबला दाखवून घ्या, मग काय ते ठरवू. चार दिवसांनी रिपोर्ट आला: सिंथेटिक कोरंडम, वजन ३.१९ कॅरट. लेकीने फोनवर वाचून दाखवलं आणि रडायला लागली, मला आधी कळेचना की खराब काय आहे त्यात.

मग आम्ही दोघींनी मिळून समजून घेतलं. अलेक्झांड्राइट हा क्रायसोबेरिल जातीचा खडा, त्यात क्रोमियम असतं. तो हिरवा आणि लाल असे दोन्ही रंग सोडतो आणि मधला पिवळा गिळतो, दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा भाग जास्त म्हणून हिरवा दिसतो, बल्ब आणि निरांजनाच्या उजेडात लाल जास्त म्हणून लालसर. आमचा खडा म्हणजे भट्टीत बनवलेला कोरंडम (माणिक आणि नीलम ज्या जातीचे असतात ती), त्यात व्हॅनेडियम घालतात आणि त्यामुळे तो निळसर करड्याचा जांभळा होतो. म्हणजे रंग हा पण बदलतो! ॲल्युमिनाची पावडर ज्योतीत वितळवून थेंब थेंब साठवत हे खडे करतात, व्हर्नुई नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाची पद्धत आहे ही, १९०२ पासून जगाला माहीत आहे, आणि हे खडे दोन-चारशे रुपयांत मिळतात. लॅबवाल्यांनी लेकीला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, आत वाकड्या वाकड्या रेघा होत्या, लाट मागे गेल्यावर वाळूवर राहतात ना तशा. जमिनीत तयार झालेल्या खड्यात अशा गोल वळणाच्या रेघा नसतात, तिथे वाढीच्या रेषा सरळ असतात. प्रकाश वाकवण्याचं मापही जुळलं नाही, अलेक्झांड्राइटचं साधारण १.७५ च्या आसपास असतं, ह्याचं १.७६ ते १.७७ आलं.

आणि ते कार्ड! अलेक्झांड्राइट इफेक्ट म्हणजे नुसतं रंग बदलणं, कुठल्याही खड्याचं. कार्डावर खडा अलेक्झांड्राइट आहे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. बिलावर पण नव्हतं. खोटं जेवढं होतं तेवढं तो तोंडाने बोलला.

त्याला फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला घेऊन या, बदलून देतो. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. लॉजवाल्यांकडे फक्त हॉलच्या भाड्याची पावती. पोलिसांत अर्ज दिलाय, १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवलीय, जिल्हा ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते म्हणून ते कागद पण जमवतोय, पण रोख दिलेल्या ४० हजारांचा पुरावा काहीच नाही आणि बिलावर नुसतं कलर स्टोन, वकीलही म्हणाले की अवघड आहे.

तुम्ही असा खडा घेणार असाल तर दुपारी उघड्यावर, सावलीत नेऊन बघा. खरा चांगला अलेक्झांड्राइट तिथे हिरवा किंवा निळसर हिरवा दिसायला हवा, आमचा एकदाही हिरवा दिसला नव्हता आणि मी त्याला विचारलं पण नाही की हिरवा का नाही. पण हिरवा दिसला म्हणून लगेच पैसे काढू नका, कारण १९७० च्या दशकापासून अलेक्झांड्राइट पण लॅबमध्ये बनतो, तो अगदी खऱ्यासारखाच असतो, मापंही तीच, ते फक्त लॅबच ओळखते. लॅबचा खडा घेण्यात वाईट काही नाही, लेक म्हणाली आई मला सांगून दिला असता तर मी आनंदाने घेतला असता. खडा मोकळा असतानाच तपासा, मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या ठिकाणी आपण स्वतः पाठवा, विकणाऱ्याने आणलेल्या कार्डावर जाऊ नका. बिलावर "नैसर्गिक अलेक्झांड्राइट" हे शब्द आणि वजन कॅरटमध्ये लिहून घ्या, कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, सगळीकडे सारखं, रत्तीचं तसं नाही, सोनाराची वेगळी आणि खडेवाल्याची वेगळी. हॉलमार्क सोन्याचा असतो, खड्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि तीन कॅरटचा स्वच्छ, छान रंग बदलणारा खडा कोणी ७७ हजारांत देत असेल तर उठून या, तसा एक कॅरटचा खडासुद्धा लाखांत जातो.

काल भाचीचा कणकवलीहून फोन आला. तिथे एका हॉलवर रत्न प्रदर्शनाचा बोर्ड लागलाय, त्यावर रंग बदलणाऱ्या खड्याचा फोटो आहे, अर्धा निळा अर्धा जांभळा. तोच माणूस आहे की दुसरा ते तिला सांगता येईना. रविवारपर्यंत आहे म्हणे. मी उद्या सकाळच्या एसटीने रिपोर्टची झेरॉक्स घेऊन जातेय.