संगणकीय जीवशास्त्राची आंतरराष्ट्रीय परिषद: पुण्यातला कॅम्पस की गोव्यातलं हॉटेल?

संगणकीय जीवशास्त्राची, म्हणजे जीवशास्त्रातले प्रश्न संगणकानं सोडवणाऱ्या विषयाची, परिषद आपल्याकडे घ्यायची ठरली की समितीच्या पहिल्याच बैठकीत दोन तट पडतात. एक म्हणतो पुण्यात घेऊ, सगळं हाताशी आहे. दुसरा म्हणतो गोव्यात घेऊ, परदेशी वक्ते लगेच हो म्हणतील. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मी दोन्हीकडच्या आयोजनात राबले आहे आणि माझा कौल आधीच सांगते: दीडशेच्या वर माणसं आणि जोडीला कार्यशाळा असेल तर पुणे. चाळीस-पन्नास निमंत्रितांची चर्चा असेल तर गोवा.

पुण्याशी या विषयाचं नातं जुनं आहे. विद्यापीठातलं जैवमाहितीशास्त्र केंद्र १९८७ सालचं. प्रथिनाचा कोणता भाग प्रतिपिंडं ओळखतील याचा अंदाज बांधणारी कोळस्कर-टोंगावकर पद्धत १९९० साली इथूनच प्रसिद्ध झाली आणि ती आजही वापरली जाते. आयसर, एनसीएल, एनसीसीएस, आयुका या संशोधन संस्था आणि महासंगणक बनवणारं सीडॅक, हे सगळं गणेशखिंड ते पाषाण एवढ्या टापूत आहे. आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ महासंगणक आहे. आयोजकाच्या दृष्टीनं याचा अर्थ साधा आहे: सत्राचा अध्यक्ष आयत्या वेळी आजारी पडला तर अर्ध्या तासात दुसरा स्कूटरवरून हजर होतो. स्वयंसेवक विद्यार्थीही इथलेच, त्यांच्या राहण्याचा खर्च नाही.

खरा फरक कळतो तो कार्यशाळेच्या दिवशी. एका हॉटेलात आम्ही साठ जणांना जनुकक्रमाचं विश्लेषण शिकवायला बसलो होतो. सगळ्यांनी एकदम कोंडातून (विश्लेषणाची सॉफ्टवेअर इंटरनेटवरून आणून बसवणारं साधन) पॅकेजेस उतरवायला घेतली आणि दहा मिनिटांत वायफाय बसलं. तिथल्या माणसानं बिचाऱ्यानं दोनदा राउटर बंद-चालू केला, पण ती जोडणी मुळात ईमेल बघण्यापुरतीच होती. शेवटी एका विद्यार्थिनीनं डेटा पेन ड्राइव्हवर घेतला आणि टेबला-टेबलावर फिरवला. त्यात प्लगही कमी; भिंतीलगतच्या खुर्च्यांसाठी झुंबड उडाली. ई. कोलाय या जिवाणूचा जनुकसंच जेमतेम ४६ लाख डीएनए-अक्षरांचा, तरी ही गत. माणसाच्या एका पूर्ण जनुकसंचाचा कच्चा डेटा तर कित्येक गीगाबाइट भरतो. संस्थेच्या कॅम्पसवर तोच डेटा आदल्या रात्री स्थानिक सर्व्हरवर ठेवता येतो, आणि एज्युरोम, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांचं सामायिक वायफाय, असेल तर युरोपातल्या पाहुण्याचा लॅपटॉप आपोआप जोडला जातो.

गोव्याची बाजू मात्र मी हलकी समजत नाही. दोना पावलाच्या इंटरनॅशनल सेंटरसारख्या जागी सभागृह आणि खोल्या एकाच आवारात मिळतात. पुण्यातले लोक भाषण झालं की लॅबला किंवा घरी पळतात. गोव्यात पळायला जागाच नसते. जेवणानंतर व्हरांड्यात बसून दोघंजण कागदावर अल्गोरिदम मांडताहेत, हे मी गोव्यातच पाहिलं. समुद्री सूक्ष्मजीवांच्या मेटाजीनोमिक्सवर (नमुन्यातल्या सगळ्या जीवांचा डीएनए एकत्र वाचण्यावर) बैठक असेल तर प्रश्नच नाही, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावलालाच आहे.

पण विद्यार्थ्यांचं काय, हा प्रश्न मला सोडत नाही. नांदेडची पीएचडीची मुलगी रात्रीच्या बसनं पुण्याला येते, मैत्रिणीच्या हॉस्टेलवर उतरते आणि पोस्टर लावते. गोव्यात हंगामात खोलीचं भाडंच तिला झेपत नाही. आपल्या विषयात नवी पद्धत बऱ्याचदा अशाच पोस्टरपाशी पहिल्यांदा दिसते. (पोस्टरवरून आठवलं: उभं ए-झिरो म्हणजे ८४ बाय ११९ सेंटिमीटर. मंडपवाल्याचे बोर्ड आधी टेप घेऊन मोजा.)

प्रवासात दोन्हीकडे अडचणी आहेत. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, तिथं थेट परदेशी विमानं मोजकी. बहुतेक पाहुणे मुंबईला उतरतात आणि मध्यरात्री त्यांच्यासाठी गाडी लागते. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, त्यामुळे पाहुणा मोपाला आणि गाडी दाबोळीला असं होऊ शकतं. तिकीट मागवून घ्या, तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

तारखांचं म्हणाल तर या विषयाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय परिषदांपैकी आयएसएमबी जुलैमध्ये असते, रिकॉम्ब वसंतात. डिसेंबर-जानेवारी आपल्याला सोयीचा. गोव्यात नोव्हेंबरात इफ्फी हा चित्रपट महोत्सव आणि पुढे नाताळ, म्हणजे खोल्या महाग. पावसाळ्यात दर उतरतात, पण मला तो धोका पत्करवत नाही. पुण्यात डिसेंबरात सवाई गंधर्व असतो, पाहुण्यांना एक संध्याकाळ तिकडे न्या.

कागदपत्रांत मात्र जागेनं काही फरक पडत नाही. परदेशी वक्त्यांना परिषदेचा व्हिसा लागतो, त्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी हवी. हॉटेलात घेतली तरी यजमान संस्था लागतेच, आणि ज्या संस्थेनं हे आधी केलंय तिथल्या कार्यालयाला कुठला कागद कुठं अडतो ते माहीत असतं. सहा महिने आधी सुरुवात करा. परदेशी प्रायोजकाचे पैसे घ्यायचे असतील तर एफसीआरएचं, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याचं काय, हे लेखा विभागाला आधी विचारा, घोषणा मग करा.

कुठलीही जागा पक्की करण्यापूर्वी एक कराच: सकाळी दहा वाजता वीस विद्यार्थी वीस लॅपटॉप घेऊन त्या सभागृहात बसवा, सगळ्यांना एकच मोठी फाइल उतरवायला सांगा आणि घड्याळ लावा. आगाऊ रक्कम त्यानंतर भरा.