नारी सुवर्णा मेंढा: घेण्याआधी एवढं वाचा

जुळी देणाऱ्या नारी सुवर्णा जातीचा मेंढा घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा, नाहीतर पहिल्याच वर्षी त्याला शिव्या घालाल. मेंढा आणला म्हणून वाड्यातल्या मेंढ्यांना जुळी होत नाहीत. तो जुळ्यांचा गुण आपल्या पोरींना देतो. त्या पोरी मोठ्या होऊन व्यायच्या, तेव्हा कुठे पैसे वसूल. तोवर आमच्या आत्याबाई रोज विचारायच्या, "काय गं, कुठायत तुझी जुळी?"

आम्ही माणदेशातले. चराईची रानं कमी झाली, त्यामुळे मेंढरांची संख्या वाढवायला जागा नाही. लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही. पैसा आहे तो कोकरात, आणि आमची इथली दख्खनी जातीची मेंढी देणार एका वेताला एक. जुळं क्वचितच. म्हणून आहेत त्याच मेंढ्यांकडून जास्त कोकरं, हा फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा, म्हणजे 'नारी'चा, विचार मला पटला.

हा गुण मूळचा सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा. ती अंगानं इवलीशी, पण दोन-तीन कोकरं सहज देते. तिचेच भाऊबंद अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून ऑस्ट्रेलियात गेले असं मानतात. तिथल्या बुरूला जातीच्या मेंढ्यांमध्ये जुळ्यांचा गुण देणारं हेच जनुक आहे. २००१ मध्ये त्यातला नेमका बदल सापडला आणि रक्त तपासून कोणात तो आहे ते कळू लागलं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं या कामात होती. गरोल थेट आणली असती तर खाटकानं उचललीही नसती. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दख्खनीशी संकर करून गुण तेवढा राखला. आमचा मेंढा दिसायला अगदी आपल्यातलाच. उन्हात चालतो, काटेकुटे खातो, नखरे नाहीत. माडग्याळ जातीच्या मेंढ्यासारखा रुबाब मात्र शोधू नका.

मेंढ्यात या जनुकाच्या दोन्ही प्रती असल्या की साध्या मेंढीपासून झालेल्या प्रत्येक पाटीला, म्हणजे मादी कोकराला, एक प्रत मिळतेच. एका प्रतीच्या मेंढीला दर वेताला जुळी होतीलच असं नाही. सरासरी दीडच्या आसपास धरा. आमच्याकडे एकीला दोन, शेजारच्या दावणीला एक, असंच चाललंय.

खरी परीक्षा जुळी झाल्यावर असते. दोघांतलं धट्टंकट्टं कोकरू दोन्ही सड बळकावतं आणि बारकं मागं लटपटतं. पहिल्या तासाभरात मी मेंढीचा सड बोटांनी दाबून आधी चिकाची धार काढते, मग बारक्याचं तोंड धरून लावते. एकदा पोटात चीक गेला की ते स्वतःच धडका मारायला लागतं. कळप रानात गेला की दोघं डालग्याखाली. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात मेंढीला शेवरीचा पाला आणि मूठ-दोन मूठ मक्याचा भरडा हवाच. नुसत्या चराईवर जुळी पोसायची असतील तर हा मेंढा घेऊ नका, एकच कोकरू धष्टपुष्ट वाढवा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगचीही, बघून घ्या. जुळी झाली आणि रोगात गेली तर कोणतंही जनुक कामाचं नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो वाट बघायला लावली म्हणून. एरवी तक्रार नाही.

एक सावधगिरी: पाट्या माजावर यायच्या आत हा मेंढा हलवा. बापानंच पोरींना लावलं तर रक्त जवळचं होतं, शिवाय त्यांच्या निम्म्या पिल्लांत दोन्ही प्रती येतात. तशा मेंढीला तिळी व्हायची भीती, आणि सड तर दोनच. आम्ही पाट्यांसाठी साधा माडग्याळ मेंढा लावलाय. त्यांच्या पोरींत गुण निम्म्यांनाच जाणार आणि तो चेहऱ्यावरून दिसत नाही, त्यामुळे कोणती ठेवायची, कोणती विकायची हे ठरवण्याआधी त्यांचं रक्त तपासून घेणार आहे.