रात्री माल कुठे असतो? शहरातील फटाकेविक्रीच्या तीन वाटा

दिवाळी महिन्यावर आली की महापालिकेत दोन अर्ज येतात. एक विक्रेत्यांचा: मैदान द्या, गाळ्यांचे भाडे ठरवा. दुसरा रहिवाशांचा: आमच्या इमारतीखाली फटाक्यांचे दुकान नको, जमल्यास शहरातच नको. हे दोन्ही कागद ज्यांच्या टेबलावर येतात त्या नगरसेवकांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी, तसेच हरकती-सूचना लिहून देणाऱ्या नागरिकांसाठी ही तुलना मांडतो आहे.

आधी अधिकार कोणाचा ते पाहू, कारण निम्मी चर्चा तिथेच चुकते. फटाके विकण्याचा परवाना स्फोटकांच्या कायद्याखाली मिळतो. तो देणे-नाकारणे जिल्हाधिकारी किंवा पोलिस आयुक्तालयाच्या हातात असते, आणि मोठ्या साठ्यासाठी नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेच्या. महापालिकेकडे उरते ते मैदान आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला. या दोन गोष्टी कमी वाटतात, पण दुकान कुठे लागेल आणि कुठे लागणार नाही हे त्यांवरच ठरते. म्हणून शहरापुढे खऱ्या वाटा तीन आहेत: आज चालते तशी बाजारपेठेत आणि वस्तीत विक्री, पूर्ण बंदी, किंवा ठरलेल्या मैदानावर मोजके दिवस विक्री.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मी तिसऱ्या वाटेच्या बाजूचा आहे, पण ती आज जशी राबवली जाते तशी नव्हे. यामागे घरचा अनुभव आहे. माझे मामा वीसेक वर्षे दिवाळीत फटाक्यांचा स्टॉल लावत. वसुबारसेला माल यायचा, भाऊबीजेला स्टॉल उठायचा. खोक्यावर छापलेली किंमत एक आणि गिऱ्हाइकाला सांगायची दुसरी, तीही निम्म्याहून कमी, हे गणित मी शाळेत असताना त्यांच्याकडेच शिकलो. नफा व्हायचा तो शेवटच्या दोन दिवसांत. उरलेला माल परत करायची सोय नव्हती, त्यामुळे तो आमच्या आजोळच्या पोटमाळ्यावर चढायचा. खाली स्वयंपाकघर. वर्षभर त्या खोक्यांखाली आम्ही जेवलो. आज ते आठवले की अंगावर काटा येतो. फटाकेविक्रीचा विचार करताना म्हणूनच मी आधी विचारतो: रात्री माल कुठे असतो?

वस्तीतले दुकान

सणापुरत्या दुकानांसाठी स्फोटके नियम, २००८ मध्ये स्पष्ट अटी आहेत. शेड न पेटणाऱ्या साहित्याची हवी. दोन शेडमध्ये किमान ३ मीटर अंतर हवे आणि शेड समोरासमोर नकोत. घरे, शाळा, रुग्णालये अशा संरक्षित ठिकाणांपासून ५० मीटर लांब. तेलाचे दिवे, गॅसबत्ती, उघडी ज्योत नको. विजेचा दिवा वायरीवर लोंबता नको. एका ठिकाणी ५० पेक्षा जास्त दुकाने नकोत, आणि शेडपासून ५० मीटरच्या आत फटाका वाजवून दाखवायचा नाही.

आता आपल्या शहरातला कोणताही जुना बाजार डोळ्यांसमोर आणा. कापडाचा मांडव, त्यावर बल्बच्या माळा, मागे जिना, वर बिऱ्हाडे, शेजारी वडापावची गाडी. ५० मीटरची अट तिथे पाळताच येत नाही. या वाटेच्या बाजूने सांगायचे तर गिऱ्हाइकाची सोय होते, बारमाही परवानाधारक दुकानदाराचा धंदा टिकतो आणि तपासणीसाठी पत्ता कायम राहतो. या गोष्टी खऱ्या आहेत. पण दुकान आणि गोदाम एकाच छताखाली आले की काय होते ते ७ ऑक्टोबर २०२३ रोजी बंगळुरूजवळच्या अत्तिबेले इथे दिसले. दिवाळीचा माल ट्रकमधून उतरवला जात असताना आग लागली. आतल्या कामगारांना बाहेर पडता आले नाही. चौदाहून अधिक जीव गेले, आणि दुकान एकच होते.

त्याच्या शेजारी २९ ऑक्टोबर २०१६ ची औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची आग ठेवा. जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा फटाका बाजार भर दिवाळीत पेटला. शंभराहून अधिक गाळे गेले, जवळ लावलेली वाहने जळाली, अनेक कुटुंबांचे भांडवल डोळ्यांदेखत राख झाले. पण मैदान उघडे होते, माणसांना पळायला वाट होती, मोठी जीवितहानी टळली. मालाच्या हिशेबाने ही आग कितीतरी मोठी, माणसांच्या हिशेबाने अत्तिबेले. निवासी इमारतीखालच्या दुकानाला ना हरकत दाखला देण्याआधी या दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात.

मैदान म्हणजे आपोआप सुरक्षितता असेही नाही. मेक्सिकोतल्या तुल्तेपेक गावचा सॅन पाब्लितो बाजार फटाक्यांसाठीच बांधलेला, उघड्यावरचा होता. तो २००५ मध्ये जळला, २००६ मध्ये पुन्हा जळला, आणि २० डिसेंबर २०१६ रोजी नाताळच्या खरेदीची गर्दी असताना तिसऱ्यांदा पेटला. चाळीसहून अधिक माणसे गेली. सुमारे तीनशे गाळे आणि खचाखच गर्दी. आपल्याकडच्या नियमातला ५० दुकानांचा आणि ३ मीटरचा आकडा कशासाठी आहे ते तिथे कळते.

पूर्ण बंदी

बंदीची मोठी ताकद म्हणजे ती समजायला सोपी. पोलिसाला डेसिबल मोजायचे नाहीत, खोक्यावरचा शिक्का खरा की खोटा पाहायचे नाही. फटाका दिसला, उचलला.

दिल्लीने हा प्रयोग बराच काळ केला. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातले विक्री परवाने स्थगित केले. २०१७ मध्ये सवलत, पुन्हा स्थगिती. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने सरसकट बंदी नाकारून फक्त कमी प्रदूषणाचे फटाके आणि दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरवली, ऑनलाइन विक्री बंद केली. त्यानंतर २०२० पासून दिल्लीत दरवर्षी बंदीच होती. तरीही २०२३ च्या दिवाळीला, १२ नोव्हेंबरला, दिल्लीचा हवेचा निर्देशांक (आकडा जितका मोठा तितकी हवा वाईट) २१८ होता आणि दुसऱ्या दिवशी ३५८. बंदी असताना. वाहने, काडीकचरा जाळणे, थंड हवेत खाली साचणारा धूर यांचा वाटा त्यात आहेच; पण त्या रात्री आकाश फटाक्यांनी दणाणले होते हेही सगळ्यांनी ऐकले. माल शेजारच्या राज्यांतून येत होता. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयानेच चोरट्या मार्गाने येणाऱ्या जुन्या धाटणीच्या फटाक्यांचा उल्लेख करत दिल्ली परिसरात हरित, म्हणजे कमी प्रदूषणाच्या, फटाक्यांना मोजक्या दिवसांची परवानगी दिली.

बीजिंगची गोष्टही अशीच हेलकावे खाणारी आहे. १९९३ मध्ये बंदी, बारा वर्षांनी ती उठवून ठरलेल्या जागी आणि वेळी परवानगी, आणि २०१८ पासून पाचव्या वर्तुळमार्गाच्या आत पुन्हा बंदी. तिथल्या प्रशासनाकडे असलेला अंमलबजावणीचा जोर आपल्या महापालिकेकडे नाही. एका शहरात बंदी आणि वीस किलोमीटरवरच्या गावात दुकान, अशी स्थिती असेल तर माल दुचाकीवरून येतो आणि पलंगाखाली राहतो. आग विझवण्याची बाटली नाही, वाळूची बादली नाही, अग्निशमन दलाकडे पत्ता नाही. बंदीबाबत माझी खरी हरकत ही आहे. मैदानावरचा माल तिने आमच्या आजोळच्या पोटमाळ्यावर नेऊ नये.

मात्र ज्यांच्या घरात दम्याचा रुग्ण आहे, तान्हे बाळ आहे, त्यांना हा युक्तिवाद पुरणार नाही, आणि त्यांचे बरोबर आहे. विक्रीची जागा बदलली म्हणून धूर कमी होत नाही. त्यासाठी काय विकले जाते ते पाहावे लागते.

आवाज नाही म्हणून निर्धोक?

पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने काही वर्षांपूर्वी एकेक फटाका पेटवून, पेटवणारा माणूस जिथे उभा असतो तिथले सूक्ष्म धूलिकण मोजले. सर्वांत वरचा आकडा सुतळी बॉम्बचा असेल असे कुणालाही वाटेल. तो निघाला नागगोळीचा: घनमीटरमागे ६४,५०० मायक्रोग्रॅम. माळेचा ३८,५४०. फुलबाजीचा १०,३९०, भुईचक्राचा ९,४९०, आणि अनाराचा, म्हणजे आपल्या झाडाचा, ४,८६०. हे काही क्षणांचे उच्चांक आहेत, दिवसाची सरासरी नव्हे. तरी जागतिक आरोग्य संघटनेने चोवीस तासांसाठी सुचवलेली पातळी १५ आहे, एवढे ध्यानात घ्या.

हे आकडे मला बरेच दिवस छळत राहिले. कारण नागगोळी आणि फुलबाजी आपण सर्वांत लहान मुलांच्या हातात देतो. काळा साप वर येताना पाहायला ती वाकतात, तोंड अगदी धुरावर. आवाजाच्या फटाक्यांवर बोट ठेवून ‘मुलांना साधे फटाके द्या’ म्हणणाऱ्या आपल्या सगळ्या मोहिमांनी इथे चूक केली आहे. विक्रीच्या अटी लिहिताना पहिली वस्तू काढायची असेल तर ती नागगोळी. तिच्यासाठी कुणाची दिवाळी अडणार नाही. दुसरी वस्तू लांब माळ.

हरित फटाक्यांचे सूत्र नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेचे. बेरियमची संयुगे टाळायची, ॲल्युमिनियम कमी करायचे, धूळ दाबणारे घटक मिसळायचे. धूलिकण किमान ३० टक्क्यांनी घटतात असा दावा आहे. ३० टक्के घट चांगलीच, पण ७० टक्के धूर उरतो हे विकत घेणाऱ्याला सांगितले पाहिजे. खोक्यावर नीरीचे चिन्ह आणि क्यूआर कोड असतो. तो खरा आहे का, हे तपासायला माणूस कुठे उभा राहणार? पन्नास ठिकाणी विखुरलेल्या दुकानांपुढे ते जमत नाही. एका मैदानाच्या फाटकावर, माल आत येतानाच, जमते. मैदानाचा हा फायदा मला आगीच्या फायद्याइतकाच मोलाचा वाटतो.

मैदान, पण किती दिवस?

इथे दोन परदेशी उदाहरणे एकत्र पाहण्यासारखी आहेत. न्यूझीलंडमध्ये फटाके विकायला वर्षात चारच दिवस मिळतात, २ ते ५ नोव्हेंबर, आणि घेणारा १८ वर्षांचा हवा. पण वाजवायला बंधन नाही. परिणामी लोक साठवून ठेवतात आणि महिनोन् महिने वाजवतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या प्रांतात, डार्विन शहरात, १ जुलै हा एकच दिवस: त्याच दिवशी विक्री, त्याच संध्याकाळी ६ ते ११ वाजवायचे, नंतर जवळ बाळगणे गुन्हा. दोन्हीकडे ‘मोजके दिवस’, पण डार्विनच्या नियमात माल घरात झोपत नाही.

आपल्याकडे एक दिवस पुरणार नाही. महाराष्ट्रात फटाक्याला दोन वेळा आहेत: नरक चतुर्दशीची पहाट आणि लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. पहाटेच्या अंधारात, अंगाला उटण्याचा वास असताना लावलेला पहिला फटाका ही आठवण मराठी माणसाला सोडवत नाही, मलाही नाही. पण २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्याला मनाई आहे, म्हणजे पाचचा फटाका वीस वर्षांपासून नियमाबाहेर. शिवाय पहाटेची हवा स्थिर असते, धूर वर जात नाही. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईसाठी आधी संध्याकाळी ७ ते १०, मग चारच दिवसांत ती वेळ आवळून ८ ते १० केली, त्यात पहाट नव्हतीच. २०२५ च्या दिल्लीच्या आदेशात मात्र सकाळी ६ ते ७ हा तास ठेवला होता. आपल्या शहराने परवानगीच्या वेळा सुचवताना हा सकाळचा तास मागावा असे मला वाटते. रीत पाळायला जागा मिळाली की लोक बाकीच्या वेळा सोडायला तयार होतात. आमच्या सोसायटीत तीन वर्षे हे चालू आहे.

महापालिकेनेच एक मोठी आतषबाजी करावी आणि घरगुती विक्री थांबवावी, अशीही सूचना येते. नववर्षाला ती ठीक. दिवाळीचा फटाका अंगणातला आहे, तो समुद्रकिनारी पाहून भागत नाही.

तेव्हा निर्णय माझ्याकडे असता तर निवासी इमारतीखाली एकही ना हरकत दाखला नाही. धनत्रयोदशी ते पाडवा एवढीच विक्री, शहराच्या प्रत्येक दिशेला एक मैदान, प्रत्येकी ५० हून कमी गाळे, अंतर मीटरपट्टीने मोजून. नागगोळी आणि लांब माळा फाटकावरूनच परत. गर्दी वाढली की फाटक बंद करायचा अधिकार अग्निशमन अधिकाऱ्याला, विक्रेत्यांच्या विनंतीला न जुमानता. आणि गाळा देतानाच घाऊक व्यापाऱ्याकडून लेखी हमी: उरलेला माल तो परत घेईल, आणि पाडव्याच्या रात्री तो माल त्याच गाडीने परवानाधारक गोदामात जाईल. या शेवटच्या अटीचा खर्च विक्रेत्याला जड जाईल. त्यासाठी मैदानाचे भाडे कमी करा. महापालिकेला ते परवडते. माझ्या मामांना कुणी ही सोय दिली असती तर त्यांनी खोकी घरी आणलीच नसती.

हरकती-सूचनांचा कागद हातात असेल आणि एकच ओळ लिहायला जागा असेल, तर विचारा: पाडव्याच्या रात्री उरलेला माल कुठे जाणार, आणि तो तिथे पोहोचला हे कोण सही करून सांगणार?